सहकुटुंब, सहपरिवार, प्रोजेक्टरसह

नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि आमच्या कॉलेजात सिनेमा अभ्यासाला लागला. त्याआधी तो अभ्यास बुडवायला लागायचा. कॉमर्सच्या मुलानं कॉमर्सबाहेरचंही काही शिकावं, असं धोरणाचं म्हणणं. त्यासाठी 'ओपन इलेक्टिव्ह' नावाची टोपली तयार झाली आणि प्रत्येक विभागानं आपल्याकडं जे पडून होतं ते तिच्यात टाकलं. प्राणिशास्त्रानं गांडूळखत दिलं, संगणकवाल्यांनी सायबर सुरक्षा दिली, आम्ही मराठीवाल्यांनी 'चित्रपट रसास्वाद' दिला. दोन क्रेडिट, तीस तास. प्रवेश संपले तेव्हा गांडूळखताकडं फक्त गांडुळं उरली होती आणि आमच्या दोन तुकड्या कराव्या लागल्या होत्या.

वर्गात बसून सिनेमा बघायचा आणि त्याचे गुण मिळवायचे, अशी मुलांची समजूत. ती फारशी चुकीची नाही. अडचण एवढीच, की सिनेमा आणायचा कुठून हे अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. 'श्वास', 'फँड्री', 'कोर्ट' अशी नावं आहेत, नावांपुढं तास आहेत, तासांपुढं अध्ययन निष्पत्ती आहेत. 'विद्यार्थी चित्रपटाचे चिकित्सक आकलन करू शकेल' अशी एक निष्पत्ती आहे. विद्यार्थ्याला चित्रपट दिसेल, असं मात्र कुठंच नाही. ते अभ्यास मंडळानं गृहीत धरलं असावं.

पूर्वी सिनेमा डब्यातून यायचा. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायरांनी ते मिळेल त्या प्रिंटनं भरलं. तिथून फिल्म सोसायट्यांना आणि शिक्षणसंस्थांना १६ मिलिमीटरच्या प्रिंट मिळत. डब्यात सिनेमा आहे याबद्दल कुणाला शंका नसे, कारण डबा उचलला की कंबर सांगायची. मग सीडी आली, डीव्हीडी आली. आमच्या ग्रंथपाल मॅडम काटेकोर. त्यांनी 'श्वास'च्या सीडीला दाखल क्रमांक दिला, ती रजिस्टरला चढवली आणि नियमाप्रमाणं कॉलेजचा गोल शिक्का मारला, तो थेट चकतीवर, चमकत्या बाजूला. तेव्हापासून आमच्याकडचा 'श्वास' अर्ध्यावर अडकतो. त्या पोराचं ऑपरेशन होतं की नाही, हे आमच्या कॉलेजच्या दहा बॅचना ठाऊक नाही.

पण शिक्क्यासकट ती सीडी आमच्या मालकीची होती. आता लॅपटॉपला सीडी घालायची फट राहिली नाही आणि कित्येक सिनेमे विकत मिळत नाहीत, नुसते बघायला मिळतात. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' घ्या. मुंबईत ख्याल गाऊ पाहणाऱ्या एका धडपड्या गवयाची गोष्ट, २०२० साली व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक. ३० एप्रिल २०२१ ला तो नेटफ्लिक्सवर आला. ग्रंथालयानं हा सिनेमा घ्यायचा ठरवला तर कुठल्या दुकानात जावं? मी मॅडमना म्हटलं, तो फक्त ॲपवर आहे. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "मग सर, शिक्का कुठं मारू?"

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. ही गोष्ट इतकी अनपेक्षित होती की ते कलम मी खिडकीशी नेऊन उजेडात वाचलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ म्हणजे काय-काय केल्यानं हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादी. तिच्यात शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला मुभा आहे. परवानगीचा अर्ज नको, फी नको. प्रेक्षक तेवढे आपले हवेत: संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती.

दिल्लीत कायदा करणाऱ्यांना महाराष्ट्रातली शिक्षणसंस्था माहीत नसावी. संस्थेच्या कामाशी संबंधित नाही असा माणूस आमच्या तालुक्यात सापडणं कठीण. कॅन्टीनचं कंत्राट अध्यक्षांच्या मेहुण्याकडं, पार्किंग मेहुण्याच्या मित्राकडं, आणि माजी नगराध्यक्ष तर हार दिसला की संबंधित होतात. सिनेमा दाखवायचा म्हटलं की उद्घाटन आलं, उद्घाटन म्हटलं की गेटवर फ्लेक्स आला, आणि फ्लेक्सवर तळाला 'सर्वांचे सहर्ष स्वागत' हे छापणाऱ्याकडं तयारच असतं. ती सवलत टिकवायची असेल तर 'सर्वांचे' खोडावं लागतं, आणि खोडलं तर माजी नगराध्यक्ष रागावतात. मी शेवटी कायदा पाळला. फ्लेक्सच केला नाही. उद्घाटनाविना विषय सुरू झाल्याचं कॉलेजच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं.

कोर्टांचाही कल शिकवणाऱ्यांकडं आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला होता, पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून मुलांना विकतो म्हणून. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अध्यापनासाठी लागणाऱ्या प्रतींच्या बाजूनं कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागं घेतला. आमच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याला मी ही हकीकत मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यानं पान उलटता उलटता विचारलं, "म्हणजे सर, आधी बंदी होती?"

तर कायदा हो म्हणतो. नाही म्हणतं ते ॲप. सिनेमा बघायच्या आधी आपण 'मला मान्य आहे' वर बोट टेकवतो, त्या न वाचलेल्या मजकुरात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की हे वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी आहे. नेटफ्लिक्सच्या अटींत तर घराबाहेरच्या माणसांना यात सामील करू नये असंही आहे. आमचे प्राचार्य दरवर्षी स्वागत समारंभात "आपण सारे एक कुटुंब आहोत" म्हणतात, टाळ्याही पडतात. पण ॲपला हे कुटुंब मान्य नाही. दोन तुकड्या, त्यांत तीन मुलांचं नाव एकच, आणि कुटुंबप्रमुखाला निम्म्यांची नावं येत नाहीत, असं कुटुंब कुठलीही कंपनी मान्य करणार नाही. कायद्यानं दिलेली सवलत अशा करारानं काढून घेता येते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात, आणि कुठल्याही एका बाजूची फी आमच्या विभागाच्या वार्षिक तरतुदीपेक्षा जास्त असते. डीव्हीडीवरही 'घरगुती वापरासाठी' असं लिहिलेलं असायचं म्हणा. पण डीव्हीडीला कोण बघतंय ते कळत नव्हतं.

तरी एकदा सरळ मार्गानं जाऊन बघू, कॉलेजच्या नावानंच वर्गणी भरू, म्हणून ऑफिसात गेलो. भाऊसाहेबांनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला.

"वर्गणी म्हणजे मासिकांत धरायची का?"

"नाही, सिनेमांची आहे."

"मग तीन कोटेशनं जोडा."

"भाऊसाहेब, तो सिनेमा एकाच ॲपवर आहे. दुसरं कुणी विकतच नाही."

"मग तसं त्यांच्या लेटरहेडवर लिहून आणा. सही-शिक्क्यानिशी. आणि बिल कॉलेजच्या नावे, जीएसटी नंबर घालून. पेमेंट चेकनं."

मी म्हटलं, तिथं चेक चालत नाही, कार्ड लागतं आणि मोबाइलवर ओटीपी येतो. भाऊसाहेब गंभीर झाले. कॉलेजच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आधीच्या खजिनदारांचा होता. ते मुलीकडं नाशिकला राहतात, दुपारी झोपतात, आणि संस्थेच्या मागच्या निवडणुकीपासून त्यांचं अध्यक्षांशी बोलणं नाही. ओटीपीची मुदत दहा मिनिटं. एवढ्या वेळात तो समेट होण्यासारखा नव्हता.

राहिलं माझं स्वतःचं खातं. स्वतःचं खातं वर्गात उघडणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर भिंतभर 'पाहणं सुरू ठेवा' अशी ओळ येते. तिच्यात सौभाग्यवतींची कोरियन मालिका, चिरंजीवांचं कार्टून आणि मी रात्री अकरानंतर अर्धवट सोडलेल्या काही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या असतात, प्रत्येकीच्या खाली कुठपर्यंत पाहिलं याची लाल रेघ. गेली वीस वर्षं मी वर्गात जागतिक सिनेमाविषयी बोलतो आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दुसऱ्या नंबरचा शेवट फार भारी आहे, सोडू नका."

मग कुणाचं खातंच नको, वर्गणीच नको, जे कायद्यानंच मोकळं झालंय तेच दाखवू, असं ठरवलं. आपल्याकडं चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मोकळा, प्रभातचे 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' मोकळे, अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' मोकळा. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला होता. आमच्या वर्गातही शांततेत पाहिला गेला, आणि व्हेनिसपेक्षा आमच्याकडं हे अवघड आहे. पण या कायदेशीर अभ्यासक्रमाचा एक परिणाम मला दिसला नव्हता. महिनाभरानं एका मुलानं विचारलं, "सर, रंगीत सिनेमा बेकायदेशीर असतो का?" शिवाय जुना म्हणजे सोवळा असंही नाही. मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' १९३८ चा, हक्काच्या दृष्टीनं अगदी निर्धोक. मीनाक्षी शिरोडकरांचं त्यातलं पोहण्याच्या पोशाखातलं गाणं तेव्हा गाजलं होतं. ते आमच्याकडं पुन्हा गाजलं, कारण नेमके त्याच वेळी प्राचार्य राउंडला निघाले होते.

वेळापत्रकाचं दुःख वेगळंच. तास साठ मिनिटांचा, सिनेमा दोन-अडीच तासांचा. 'सैराट' तर तीन तासांच्या आसपास. त्यात आर्ची-परश्या गाव सोडून पळाले आणि बेल झाली. पुढचा तास गुरुवारी. मधे एक मोर्चा आणि एक स्थानिक सुट्टी आली. बिचारी दोघं पंधरा दिवस वाटेतच होती.

परदेशात तरी बरं असेल म्हणून चौकशी केली. अमेरिकेत वर्गात समोरासमोर शिकवताना सिनेमा दाखवायला कायद्यानं मुभा आहे, फक्त प्रत रीतसर हवी. ऑनलाइन वर्गाला मात्र २००२ च्या टीच ॲक्टनं हात आखडला. सिनेमाचा वाजवी आणि मर्यादित भागच दाखवायचा. मुलांनी 'सायको' बघायचा, पण माफक. डीव्हीडीचं कुलूप काढून वर्गासाठी तुकडे गोळा करायला सिनेमाच्या प्राध्यापकांना पहिली सूट २००६ साली मिळाली. ती देतं लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे तिथले मुख्य ग्रंथपाल, आणि दर ३ वर्षांनी त्यासाठी पुन्हा त्यांच्या दारात उभं राहावं लागतं. हे मी आमच्या मॅडमना सांगायला नको होतं. आता त्या माझ्याकडून संदर्भग्रंथसुद्धा अर्ज घेऊन देतात.

तिकडच्या कॉलेजांना सिनेमे पुरवणाऱ्या खास सेवाही आहेत. २००८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली कॅनोपी त्यांतली एक. विद्यार्थ्याला फुकट, बिल ग्रंथालयाला, आणि जितकं जास्त पाहिलं जाईल तितकं बिल मोठं. न्यूयॉर्क शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९ साली खर्च झेपेना म्हणून ती बंद केली. वाचक फार आले म्हणून ग्रंथालय अडचणीत, हा प्रसंग आमच्याकडं यायची भीती नाही. आपल्या सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं: ३ वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. त्यात सिनेमावरचे शोधनिबंध मिळतील. सिनेमा नाही. पीएच.डी.ला तेवढं पुरतं, असं अनुभवी मंडळी सांगतात.

न्याय करायचा तर नेटफ्लिक्सनं स्वतःच्या काही माहितीपटांना शैक्षणिक खेळाची परवानगी देऊन ठेवली आहे. तिकीट नको, त्यांचं बोधचिन्ह वापरायचं नाही, खातं असलेल्यानंच लावायचं, आणि खेळ एकदाच. एका शिक्षकानं एका सत्रात एकदा. अटी रास्त आहेत. पण आमच्या तुकड्या दोन आणि शिक्षक मी एकटा. अ तुकडीनं बघितला आणि मधल्या सुट्टीत ब तुकडीला सांगितला. ब तुकडीची उत्तरं जास्त चांगली आली.

एवढं सगळं झाल्यावर मी एक साधा मराठी सिनेमा, एका ॲपवरचा, रीतसर वर्गणी भरलेला, वर्गात लावला. ॲपचं नाव सांगत नाही. शिपाई मामांनी पडदे ओढले, पंखा कमी केला. आमचा प्रोजेक्टर जुन्या निळ्या पिनवाल्या केबलचा, लॅपटॉप नवा, मधे इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधून आणलेला कन्व्हर्टर. नामावली सुरू झाल्याचं संगीत आलं. पडदा काळा. मुलं शांत बसली. हल्ली सिनेमे असेच सुरू होतात. कोंबडा आरवला, कुणी तरी खोकलं, बादली विहिरीत पडली. पडदा काळाच. खाली इंग्रजी सबटायटल्स मात्र वेळच्या वेळी उमटत होती: कोंबडा आरवतो, म्हातारा खोकतो. लॅपटॉपवर मी काही कॉपी करू नये म्हणून कंपनीनं बसवलेलं कुलूप आमचा प्रोजेक्टर ओळखत नव्हतं, म्हणून त्यानं चित्र तेवढं अडवलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी हाडाच्या शिक्षकासारखा उठलो आणि चित्रपटातील ध्वनीचं महत्त्व या विषयावर बोललो. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीची वही नंतर तपासायला आली. तिनं लिहिलं होतं, 'दिग्दर्शकाने ग्रामीण जीवनातील अंधार परिणामकारक रीतीने दाखवला आहे.' मी दहापैकी आठ दिले.

आठव्या मिनिटाला मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला. "सर, माझ्याकडं टेलिग्रामवर आहे. फुल एचडी. लावू का?" त्यानं फोन दाखवला. विहीर दिसत होती, बादली दिसत होती, म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसत होतं. पैसे भरणाऱ्या माणसाला काळोख आणि न भरणाऱ्याला बटणसुद्धा, अशी ही व्यवस्था आहे. कुलपं फक्त तीच माणसं अडवतात जी दारातून येतात. शिवाय कुलूप तोडणाऱ्यासाठी कायद्यात ६५-अ हे कलम आहे, हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर चालतं, पण तोडायला जो मदत करेल त्यानं समोरच्याचं नाव, पत्ता, ओळख आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवायची. कुलूपतोड्याचं रजिस्टर! हा कायदा लिहिणारा माणूस नक्की कुठल्या तरी कॉलेजच्या ऑफिसातून गेलेला असणार.

मी त्या मुलाला नको म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न फोटोचा होता. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो. त्यावर अक्षांश, रेखांश, तारीख आणि सेकंदापर्यंत वेळ येते. चोरीचा सिनेमा लावून शेजारी हसत उभं राहायचं, खाली ठिकाण आणि वेळ छापून घ्यायची आणि तो पुरावा सहीनिशी नॅककडं बंगळुरूला पाठवायचा, एवढी मदत कुठल्याही आरोपीनं कुठल्याही पोलिसाला आजवर केलेली नाही.

फोटो काळ्या पडद्यासह काढला. समन्वयक मॅडमनी तो मोठा करून पाहिला. "पडद्यावर काही दिसत नाही, सर."

"सिनेमाच आहे तो."

"बरं. बॅनर आलाय ना? मग चालेल."

नंतर मुलांकडून अभिप्राय फॉर्म भरून घेतले. 'उपक्रम उपयुक्त वाटला का' याला सर्वांनी 'अतिशय' लिहिलं, कारण तो पर्याय पहिला होता. तळाशी 'काही सूचना असल्यास' अशी एक रिकामी ओळ असते. ती सहसा रिकामीच राहते. एका फॉर्मवर मात्र निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'पुढच्या वेळी चित्र पण दाखवावे.'

सूचना आली की कृती अहवाल द्यावा लागतो. समितीची सभा झाली, चहा झाला, सूचनेची नोंद घेण्यात आली आणि ती योग्य त्या कार्यवाहीसाठी देखभाल विभागाकडं वर्ग करण्यात आली. सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर शिडी लागलेली होती. वायरमन वर्गातला पंखा तपासत होता. खाली उतरून त्यानं माझी सही घेतली आणि म्हणाला, "कपॅसिटर बदललाय सर. आता काही प्रॉब्लेम येणार नाही."